ग्रीनवुड नक्की कशाने संपलं? आगीने की हायवेने?

आडवाट

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीबद्दल आपल्याकडेही अधूनमधून फॉरवर्ड फिरतात. ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ होती, ३१ मे १९२१ च्या रात्री गोऱ्यांच्या जमावाने हल्ला केला, जाळली, संपली. मला त्यातलं शेवटचं क्रियापद खटकतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ३५ ब्लॉक बेचिराख झाले होते. रेडक्रॉसने मोजलेली जळकी घरं १,२५६. विमा कंपन्यांनी दंगलीचं कलम दाखवून हात झटकले. शहराच्या कारभाऱ्यांनी लगोलग नियम काढला की तिथलं नवं बांधकाम आगीला दाद न देणारं आणि किमान दुमजली हवं. तंबूत राहणाऱ्याला हे कुठून परवडणार? बी. सी. फ्रँकलिन नावाच्या वकिलाने तंबूतच ऑफिस थाटलं आणि तो नियम कोर्टात हाणून पाडला. १९२५ मध्ये तर देशभरच्या कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांचं अधिवेशन तिथे भरलं. १९४० नंतर दोनशेवर धंदे चालू होते.

मग साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘शहर सुधारणा’ आली, घरं-दुकानं पाडली गेली आणि इंटरस्टेट २४४ हा हायवे ग्रीनवुड अ‍ॅव्हेन्यू या मुख्य रस्त्याच्या डोक्यावरून गेला. माझ्या मते मारेकरी हा. बोला.

खडूस

असहमत. ‘राखेतून पुन्हा उभे राहिले’ हे वाक्य जाळणाऱ्यांच्या फार सोयीचं असतं.

माउंट झायन बाप्टिस्ट चर्चचंच बघा. नवी वास्तू एप्रिल १९२१ मध्ये उघडली आणि दोन महिन्यांच्या आत जळाली. डोक्यावर ५०,००० डॉलरचं कर्ज, विम्याचा छदाम नाही. दिवाळं काढून मोकळं होता आलं असतं, पण नाही काढलं. नसलेल्या इमारतीचे हप्ते १९४२ पर्यंत भरले, नवी वास्तू १९५२ मध्ये उभी राहिली. एकवीस वर्षं घामाचा पैसा राखेत ओतला, त्याला तुम्ही पुनरुज्जीवन म्हणा.

जे. बी. स्ट्रॅडफर्डचं ५४ खोल्यांचं हॉटेल गेलं आणि दंगल भडकवल्याचा आरोप त्याच्यावरच! तो शिकागोला निघून गेला. आरोप मागे घेतले १९९६ मध्ये. नामांकित सर्जन डॉ. ए. सी. जॅक्सन हात वर करून घराबाहेर आले, तरी त्यांना गोळी घातली. अशी माणसं परत उभी राहत नसतात. हायवेचा नकाशा आला तेव्हा टेबलावर मूठ आपटू शकणारे तिथे असायला हवे होते, ते १९२१ लाच गेले.

मृदगंध

दोघंही इमारती मोजताय. पैसा यायचा कुठून ते बघा की.

ग्रीनवुडमध्ये डॉक्टर, वकील, थिएटरवाले होते, पण मूठभर. बाकी बहुतेक लोक रेल्वेरुळांपलीकडे गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-धुणी करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, हमाल. टल्साचा खनिज तेलाचा पैसा त्यांच्या पगारातून अलीकडे झिरपायचा. गुरुवारी मोलकरणींची सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी रस्त्यावर नुसती जत्रा. (वॉल स्ट्रीट कसली, आठवडी बाजार म्हणा!) राज्य १९०७ मध्ये अस्तित्वात आलं तेव्हा तिथल्या सिनेटचं पहिलंच विधेयक वर्णभेदाचं होतं, त्यामुळे तो पैसा खर्च करायला दुसरी जागाच नव्हती. साठच्या दशकात ती सक्ती उठली आणि गिऱ्हाईक शहरभर पांगलं. हायवे आला तोवर गल्ला अर्धा रिकामा झाला होता.

खडूस

म्हणजे समान हक्कांनी वस्ती मारली? धन्य आहे!

मृदगंध

असं मी कुठे म्हटलंय? कोंडून ठेवलेल्या लोकांनी कोंडवाड्यातही बाजारपेठ उभी केली, यात कौतुक त्यांचं आहे, कोंडवाड्याचं नाही. दार उघडल्यावर माणसं बाहेर पडणारच. पण दार उघडलं तेव्हा हातात भांडवल असतं तर हीच दुकानं पलीकडच्या गिऱ्हाइकालाही माल विकती. ते भांडवल कुठे गेलं, हा तुमचा मुद्दा मला मान्यच आहे.

आडवाट

गिऱ्हाईक पांगलं हे खरं. पण पांगलेलं गिऱ्हाईक परत येऊ शकतं, पाडलेली गल्ली नाही. आणि रस्ता शहरात नेमका कुठून न्यायचा हे आकाशातून ठरत नाही हो.

प्रवासीपक्षी

दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त टल्साला गेलो होतो. फूटपाथमध्ये धातूच्या छोट्या पाट्या बसवल्यात. दुकानाचं नाव, १९२१ मध्ये नष्ट, आणि खाली ‘पुन्हा उघडलं’ किंवा ‘पुन्हा उघडलं नाही’. मान खाली घालून वाचत चाललो होतो, तेवढ्यात अंगावर सावली आली. वर बघतो तर हायवे. ट्रकांच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

या वादाला व्यवहारी बाजूही आहे. हत्याकांडातून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या दोन बायकांचा भरपाईचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला. वर्षभराने महापौर मनरो निकल्स यांनी १०.५ कोटी डॉलरच्या खासगी ट्रस्टची योजना मांडली. घरं, शिष्यवृत्त्या, जुन्या वास्तू यांसाठी, वाचलेल्यांच्या हातात थेट रोकड मात्र नाही. त्या भाषणात त्यांनी हत्याकांडाबरोबर हायवेचंही नाव घेतलं होतं.

आडवाट

म्हणजे महापौर माझ्या बाजूने.

खडूस

आधी कशाचं नाव घेतलं ते वाचा.