लसीकरणाचं कार्ड भिजलं, आता काय करू?

कळव्याची_आई
कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. मुलगा २२ महिन्यांचा आहे, आधी घणसोलीला राहायचो, मे मध्ये कळव्याला शिफ्ट झालो. लसीकरणाचं कार्ड रेशनकार्डासोबत पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेलं, परवाच्या पावसात स्लॅब गळला आणि सगळं भिजलं. शाई पसरून नुसता निळा डाग झालाय, बीसीजी आणि दीड महिन्याची तारीख कशीबशी लागते, नऊ महिन्याची ओळ तर गेलीच. इथे एका ठिकाणी नेलं तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या जिथे घेतली तिथूनच लिहून आणा. आता सगळ्या लसी पहिल्यापासून घ्यायच्या का? सासूबाई म्हणतात एकदा टोचलंय ना, मग कशाला पोराला परत ताप आणताय. जन्म माहेरी जालन्याला झाला, त्यामुळे पहिल्या लसी तिकडच्या आहेत.

दोन_पोरांचा_बाप
कागदाचं काय घेऊन बसलात ताई, यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या पोर्टलवर, सगळं असतं. मोबाईल नंबर टाका, ओटीपी येतो, सर्टिफिकेट डाउनलोड करा, विषय संपला.

कळव्याची_आई
बघितलं दादा. नंबर मिस्टरांचा जुना दिलेला, रिचार्ज न मारल्यामुळे ते सिम बंद पडलं, आता ओटीपी कोणाला जातो देव जाणे 😅

सिस्टर_नवीमुंबई
ताई घाबरू नका, पहिल्यापासून काही करावं लागत नाही. आणि ते भिजलेलं कार्ड टाकू नका हं, जी एक तारीख वाचता येतेय त्यावरून रजिस्टरचं पान सापडतं. कार्डाचा एक भाग फाडून आम्ही ठेवून घेतो, काउंटरफॉइल म्हणतात त्याला. भिंतीला कापडी पिशवी असते, बारा महिन्यांचे कप्पे, बाळाची पुढची लस ज्या महिन्यात त्या कप्प्यात त्याचा कागद, महिना संपला आणि कागद तिथेच दिसला की बाळ आलंच नाही, मग आशाताईंना घरी पाठवायचं. तेव्हा घणसोलीच्या केंद्रात जा, जन्मदाखला न्या, दुसरं कार्ड करून देतील.
नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची नोंद नाहीच मिळाली तर ती घेतलेली नाही असं धरून आता देतात आणि चार आठवड्यांनी दुसरी. आधी झालेली असली आणि एक जास्त गेली तरी नुकसान नाही. तसंही गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर हे १६ ते २४ महिन्यांतलेच, म्हणजे तुम्ही अजून वेळेत आहात. सासूबाईंना सांगा डीपीटीने एखाद दिवस ताप येतो, उतरतो. २०२२ च्या शेवटी गोवंडी-भिवंडीत गोवर पसरला होता तेव्हा आम्हीपण इकडे दारोदार फिरलो, कार्ड दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, गावी आहे.

घोडबंदर_रोड
आम्ही हुशारी करून कार्ड लॅमिनेट केलं. पुढच्या वेळी सिस्टर पेन घेऊन बसल्या, आता लिहू कुठे म्हणाल्या. शेवटी मागे चिठ्ठी चिकटवली.

सिस्टर_नवीमुंबई
😂 महिन्यातून एक तरी येतं असं. साधं प्लास्टिकचं पाकीट बास आहे. आणि प्रत्येक लसीनंतर फोटो काढा, पण सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, त्यावर बाळाची जन्मतारीख, तुमचा नंबर सगळं असतं.

आशा_दिघा
मी आशा आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे दगडखाणीवरचे, नाक्यावरचे लोक, सकाळी आठनंतर घरात कोणी सापडत नाही, संध्याकाळी जावं लागतं. एका बाईने तीन पोरांची कार्डं पिठाच्या डब्यात ठेवलेली, उंदीर कुरतडतात म्हणून. पीठ झटकून दाखवली, तिन्ही भरलेली, एक तारीख चुकलेली नाही. आणि टॉवरमध्ये गेलं तर वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो, मॅडम आमची मुलं प्रायव्हेटला जातात. जातात ना, पण नोंद त्या डॉक्टरच्या फाईलमध्ये, दवाखाना बदलला की फाईल पण गेली. माझ्या यादीत कोरे रकाने झोपडपट्टीपेक्षा तिथलेच जास्त आहेत, कोणाला राग आला तर येऊ दे.

घोडबंदर_रोड
राग कसला, बरोबर आहे. आमच्या गेटवर पण हेच चालतं. मीटिंगमध्ये काढतो विषय.

दोन_पोरांचा_बाप
पल्स पोलिओचं पण कार्डावर लिहितात का? आमच्याकडे दिसत नाही.

सिस्टर_नवीमुंबई
नाही दादा, त्याची खूण डाव्या करंगळीवर. ते कार्डावरच्या पोलिओच्या डोसांत धरायचं नाही.

कळव्याची_आई
अपडेट. मिळालं!! काल घणसोलीला गेले. मुलाच्या नावाने काहीच सापडेना, रडायलाच आलं होतं. मग तिथल्या सिस्टरनी विचारलं बारसं कधी झालं, आणि एकदम उलगडलं. जालन्याच्या कार्डावर नाव नव्हतंच, 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं माहेरचं नाव, घणसोलीला तसंच उतरवलेलं. नऊ महिन्यांचं पण झालेलं आहे, तारखेसकट. नवीन कार्ड दिलं, नंबर यावेळी माझा टाकला. उरलेल्या लसी कळव्यातच घेणार आहे, परवा. सासूबाई सोबत येतायत, म्हणाल्या तापाचं औषध आधीच आणून ठेव.