मायक्रोसिलिका घालूनही क्युब फेल, डोस वाढवू का?

साइट_एम५०: एम५० काँक्रीटचे (२८ दिवसांना ५० एमपीए ताकदीचे) कॉलम. घनमीटरला ओपीसी ५३ सिमेंट ४०० किलो, मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिबारीक भुकटी) ४० किलो, पीसीई (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) ०.५ टक्के. एका गोणीचा ड्रम मिक्सर. माल इतका चिकट होतो की मिक्सरवाला वरून अर्धी बादली पाणी मारतो. २८ दिवसांची ताकद सिलिकाशिवायच्या मिक्सइतकीच. फोडलेल्या क्युबमध्ये (चाचणीच्या काँक्रीट ठोकळ्यांत) राखाडी गाठी दिसतात. डोस १५ टक्के करू का?

खडी_वाळू: मुळीच नको. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, सिमेंटच्या ५ ते १० टक्केच सांगितलंय. तुम्ही ८ वर या, म्हणजे ५० किलोच्या गोणीला ४ किलो. खरा घोळ पाण्याचा आहे. ५४ किलो बाइंडरला (सिमेंट अधिक सिलिका) ०.३४ च्या पाणी-बाइंडर रेशोने १८.४ लिटर पाणी पुरतं. वरचे ५ लिटर पडले की रेशो ०.४३ होतो, मग सिलिकाने कमावलेलं पाण्यात गेलं. वाळूतला ओलावाही वजा करा: ८५ किलो वाळूत ४ टक्के म्हणजे ३.४ लिटर. चिकटपणा पीसीईने काढा, ०.८ टक्क्यांपासून ट्रायल घ्या. आणि स्लम्प (ताजा माल साच्यातून काढल्यावर किती खचतो ते माप) नेहमीपेक्षा ४०-५० मिमी जास्त ठेवा, हा माल दिसतो त्याहून घट्ट वागतो.

क्युब_टेस्टर: गाठी राखाडी आहेत म्हणजे निदान माल तरी खरा. बाजारात ‘सिलिका पावडर’ म्हणून पांढरी क्वार्ट्‌झची भुकटीही खपवतात. ती स्फटिकी, चुन्याशी जवळपास काहीच करत नाही. टेस्ट सर्टिफिकेटवर आयएस १५३८८ (मायक्रोसिलिकाचं मानक) आणि किमान ८५ टक्के सिलिका बघून घ्या.

गाठी फुटायला खडीचा मार लागतो. आधी पाऊण पाणी आणि खडी, त्यावर सिलिका हळूहळू, दीड मिनिट फिरवा. मग सिमेंट, आणखी दीड मिनिट. शेवटी वाळू आणि उरलेल्या पाण्यात पीसीई. सिलिका सिमेंटबरोबर कोरडी टाकली की गाठी तशाच राहतात, आणि पुढे अल्कलीशी प्रक्रिया होऊन तडेही देऊ शकतात.

साइट_एम५०: हेच मिक्स स्लॅबला चालेल?

खडी_वाळू: चालेल, पण ब्लीडिंग (मालातलं पाणी वर येणं) जवळजवळ नसतं, त्यामुळे उन्हावाऱ्यात पृष्ठभाग लगेच सुकून केसासारखे तडे पडतात. फवारा मारत राहा, फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरा. क्युरिंग किमान १० दिवस, कोरड्या उन्हाळ्यात १४. गोणी फोडताना मास्क लावा.