मदत हवी आहे: पाच घरं, एक झेब्रा आणि दोन्हीकडून बंद झालेला रस्ता

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत मामांची एक जुनी वही हाती लागली. अर्ध्या पानांवर किराण्याचे हिशेब आणि उरलेल्यांवर कोडी. त्यातलं एक तीन रात्री डोकं खातंय. उत्तराचं पान वहीत नाही आणि मामाही आता विचारायला नाहीत. आधीच सांगून ठेवतो, मला उत्तर नकोय, माझी चूक कुठे होतेय तेवढंच सांगा.

वहीत आहे तसंच उतरवतोय:

१. एका रांगेत पाच घरं. रंग, माणसाचा देश, पेय, सिगारेट, प्राणी, सगळं प्रत्येकाचं वेगळं.
२. इंग्रज लाल घरात राहतो.
३. कुत्रा स्पॅनिश माणसाचा.
४. हिरव्या घरात कॉफी पितात.
५. युक्रेनियन चहा पितो.
६. हिरवं घर हस्तिदंती घराच्या लगेच उजवीकडे.
७. ओल्ड गोल्ड ओढणाऱ्याकडे गोगलगाई.
८. पिवळ्या घरात कूल्स ओढतात.
९. मधल्या घरात दूध.
१०. नॉर्वेजियन पहिल्या घरात.
११. चेस्टरफील्डवाल्याच्या पुढच्या घरात कोल्हा.
१२. कूल्सवाल्याच्या पुढच्या घरात घोडा.
१३. लकी स्ट्राइकवाला संत्र्याचा रस पितो.
१४. जपानी पार्लमेंट ओढतो.
१५. नॉर्वेजियनाच्या पुढचं घर निळं.

पाणी कोण पितो? झेब्रा कोणाचा?

आता माझी प्रगती. पहिल्यात नॉर्वेजियन, म्हणून दुसरं निळं. मधल्यात दूध. हस्तिदंती-हिरव्याची जोडी ३-४ किंवा ४-५ इथेच मावते. पहिलं घर लाल नाही, कारण तिथे इंग्रज लागेल. ते हिरवं किंवा हस्तिदंतीही होत नाही. उरलं पिवळं. मग तिथे कूल्स, आणि घोडा दुसऱ्यात. पहिल्या घरात चहा नाही (तो युक्रेनियनाचा), कॉफी नाही, दूध नाही, रस लकी स्ट्राइकवाल्याचा. म्हणजे पाणी नॉर्वेजियन पितो. इथपर्यंत वीस मिनिटं लागली आणि छाती फुगली.

पुढे फांद्या दोन. एकीत हस्तिदंती तिसरं, हिरवं चौथं, लाल पाचवं. दुसरीत लाल तिसरं, हस्तिदंती चौथं, हिरवं पाचवं. दोन्हीकडे माझं गाडं अडतं. कोडंच चुकलंय का? पंचवीस चिठ्ठ्या करून ताटात मांडल्या होत्या, त्या काल पंख्याने उडवल्या. गोगलगाई अजून सोफ्याखालून निघालेल्या नाहीत.

दुपारचा_चहा:

झेब्रा कोणाचा ते ठाऊक नाही, पण पाच शेजारी असून कोणी कोणाकडे विरजण मागायला जात नाही, हा मुंबईतला फ्लॅट दिसतो.

आळशी_मांजर:

अहो, हे आइन्स्टाइनचं कोडं! लहानपणी त्याने रचलंय आणि जगातल्या फक्त २ टक्के लोकांना सुटतं म्हणे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा येतंच. त्यात झेब्र्याऐवजी मासा असतो.

वाडा_नंबर_सात:

मांजरबुवा, ते २ टक्के ग्रुपवरच राहू द्या. हे कोडं छापून आलं ते 'लाइफ इंटरनॅशनल' मासिकात, १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात. उत्तर २५ मार्च १९६३ च्या अंकात आलं, सोबत जगभरातून बरोबर सोडवणाऱ्या कित्येक शे लोकांची नावं. आइन्स्टाइन १९५५ मध्येच गेला. कूल्स सिगारेट बाजारात आली १९३३ मध्ये, तेव्हा तो चौपन्न वर्षांचा होता. लहानपणी त्याने कूल्स कुठून आणली? काहीजण लुईस कॅरोलचंही नाव घेतात. तो तर १८९८ मध्येच वारला. दोघांचाही पुरावा नाही.

फुलीगोळा:

पाटीपेन्सिल, कोडं चुकीचं नाही. मी सोडवलंय, पण उत्तर सांगत नाही. पाण्यापर्यंत तुमचं सगळं बरोबर. आता पहिली फांदी कशी मोडलीत ते सविस्तर लिहा. 'अडतं' एवढ्यावर चूक सापडत नाही.

पाटीपेन्सिल:

लिहितो. हस्तिदंती ३, हिरवं ४, लाल ५. मग इंग्रज पाचव्यात, कॉफी चौथ्यात, दूध तिसऱ्यात. चहा दुसऱ्यात किंवा पाचव्यात, पण पाचव्यात इंग्रज. म्हणून युक्रेनियन दुसऱ्यात आणि रस पाचव्यात, म्हणजे इंग्रजाकडे लकी स्ट्राइक. दुसऱ्या घरात घोडा, म्हणून गोगलगाई नाहीत, म्हणून ओल्ड गोल्ड नाही. पार्लमेंट जपान्याची. राहिली चेस्टरफील्ड. आता तिसऱ्या-चौथ्यात स्पॅनिश आणि जपानी, सिगारेटी ओल्ड गोल्ड आणि पार्लमेंट. पार्लमेंट जपान्याकडे गेली की ओल्ड गोल्ड स्पॅनिश माणसाकडे. त्याच्याकडे मग गोगलगाई हव्यात, पण त्याच्याकडे तर कुत्रा आहे. खलास.

फुलीगोळा:

एक नंबर. ही फांदी खरोखरच मेलेली आहे, एकही पायरी चुकलेली नाही. आता दुसरी.

पाटीपेन्सिल:

लाल ३ (इंग्रज, दूध), हस्तिदंती ४, हिरवं ५ (कॉफी). चहा आणि रस दुसऱ्या-चौथ्यात. रस दुसऱ्यात धरला तर तिथे लकी स्ट्राइक. मग तिथे जपानी चालत नाही आणि घोड्यामुळे स्पॅनिशही चालत नाही. युक्रेनियन तर चहावाला, म्हणून चौथ्यात. माणूसच उरत नाही. म्हणजे युक्रेनियन आणि चहा दुसऱ्यात, रस आणि लकी स्ट्राइक चौथ्यात. चौथ्यात जपानी नाही, म्हणून स्पॅनिश आणि कुत्रा. जपानी पाचव्यात, पार्लमेंटसकट. दुसऱ्यात परत चेस्टरफील्ड, राहिली ओल्ड गोल्ड ती इंग्रजाकडे, म्हणून तिसऱ्यात गोगलगाई.

आणि इथे माशी शिंकते. चेस्टरफील्ड दुसऱ्यात, म्हणजे कोल्हा तिसऱ्यात हवा. पण तिसऱ्यात गोगलगाई आधीच येऊन बसल्यात! रात्री दीड वाजता इथे येऊन अडकलो की पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा झालं.

दुपारचा_चहा:

कोल्ह्याने गोगलगाई खाल्ल्या असं धरून पुढे जा.

फुलीगोळा:

सापडलं. कडी ११ पुन्हा वाचा. "पुढच्या घरात." तुम्ही पुढचं म्हणजे उजवीकडचं धरलंत, बरोबर?

पाटीपेन्सिल:

हो. पुढचं म्हणजे पुढचंच ना? पहिल्याच्या पुढे दुसरं, दुसऱ्याच्या पुढे तिसरं. १२ आणि १५ मध्ये तसंच धरलं आणि तिथे चपखल बसलं.

फुलीगोळा:

तिथे बसणारच होतं. नॉर्वेजियन पहिल्याच घरात, कूल्सही त्याच्याकडेच. त्याच्या डावीकडे घरच नाही. 'पुढचं' वाचा किंवा 'शेजारचं' वाचा, दोन्हींचा अर्थ तिथे एकच होतो. म्हणून या शब्दाने दोनदा साथ दिली आणि तिसऱ्यांदा दगा दिला. मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी नुसतं शेजारी आहे, डावी-उजवी दोन्ही बाजू चालतात. तुमची दुसरी फांदी शेवटच्या पायरीपर्यंत ठीक आहे. चेस्टरफील्डच्या दोन शेजाऱ्यांपैकी कोल्ह्यासाठी कोण मोकळं आहे, बघा.

वाडा_नंबर_सात:

आमच्या वाड्यात 'पुढचं घर' म्हणजे रस्त्याच्या अंगाला असलेलं. मागच्या खोल्यांतली आम्ही मंडळी त्यांच्याकडे पेपर वाचायला जायचो. तेव्हा मामांची चूक म्हणवत नाही मला, शब्दच फसवा आहे.

एक गंमत सांगतो. मासिकात सहाव्या कडीसाठी खास टीप होती की 'उजवीकडे' म्हणजे वाचणाऱ्याच्या उजवीकडे. इतकी काळजी घेतली, पण तुम्ही हिरवं घर हस्तिदंतीच्या डावीकडे धरून सोडवून पाहा. हिरवं तिसरं होत नाही, कारण तिथे दूध आणि हिरव्यात कॉफी. म्हणजे हिरवं चौथं, हस्तिदंती पाचवं, लाल तिसरं. पुढे चौथ्या-पाचव्या घरातली माणसं सगळ्या बिऱ्हाडासकट जागा बदलतात, बाकी काहीच हलत नाही. पाणी आणि झेब्रा आहेत त्याच माणसांकडे. डाव्या-उजव्यात गोंधळून चालतं, शेजारी आणि पुढे यांत गोंधळून चालत नाही!

आळशी_मांजर:

आइन्स्टाइन मागे घेतो. पण कोड्यात झेब्रा आहे असं एकाही कडीत म्हटलेलं नाही, पाणीही नाही. पाचव्याकडे हत्ती असला तर?

फुलीगोळा:

काटेकोर बोलायचं तर खरं आहे. मात्र "झेब्रा कोणाचा" असं विचारलं म्हणजे तो पाचांपैकी एकाकडे आहे, एवढं गृहीत धरायचं. नाहीतर नळाला पाणी आहे की नाही इथपासून सुरुवात करावी लागेल.

पाटीपेन्सिल, पुढच्या वेळी चिठ्ठ्यांऐवजी फुलीचा तक्ता करा. आडवी पाच घरं, खाली पाच ओळी: रंग, माणूस, पेय, सिगारेट, प्राणी. प्रत्येक चौकटीत पाचही शक्यता बारीक अक्षरात लिहून जे जमत नाही ते खोडायचं. एकूण मांडण्या १२० चा पाचवा घात, म्हणजे सुमारे २,४८८ कोटी होतात. त्या एकेक करून तपासायच्या नसतात. आणि फांदी फुटली की दुसऱ्या रंगाचं पेन घ्यायचं. फांदी मेली की तेवढाच रंग खोडता येतो.

पाटीपेन्सिल:

सुटलं!!! कोल्हा नॉर्वेजियनाकडे, पहिल्या घरात. त्याच्याकडे पाणी, कोल्हा आणि कूल्स. पाचव्या घरातला प्राणी तेवढा उरला होता. जपान्याचा झेब्रा!

सकाळी लेकीला समजावलं. सिगारेटींच्या जागी पाच तऱ्हेची बिस्किटं केली, तिने अर्ध्या तासात सोडवलं. मी 'पुढच्या' म्हटलं नाही, 'शेजारच्या' म्हटलं. मग वहीत ११, १२ आणि १५ समोर पेन्सिलीने 'शेजारच्या' लिहून ठेवलं. मामांचं अक्षर खोडलेलं नाही. फुलीगोळा, वाडा, मनापासून आभार.

दुपारचा_चहा:

अहो, उत्तर पांढऱ्या अक्षरांत लिहायचं होतं! मी कालपासून पहिल्या फांदीवर बसलोय.