६०६१ अॅल्युमिनियमच्या नळीवर टिग वेल्डिंग करताना पिनहोल (बारीक छिद्रं) येताहेत, काय तपासू?

करवत१२: ६०६१-टी६ नळी, व्यास ३८ मिमी, जाडी २ मिमी. टी-जोड, दोन्ही टोकं बंद होतात. एसी ८५ अँपिअर, टंगस्टन (इलेक्ट्रोड) २.४ मिमी, भरणीचा रॉड ५३५६, आर्गॉन १५ लिटर/मिनिट, टॉर्चच्या तोंडाचा कप ७ नंबर. बीड (वेल्डची रेघ) सुरुवातीला चकचकीत पडते, पण शेवटच्या सेंटिमीटरभरात पिनहोल येतात आणि टोकाशी बारीक तडा जातो. फ्रेम नंतर अॅनोडाइझ (आम्लाच्या टाकीत ऑक्साइडचा थर चढवणं) करायची आहे. नवीन मशीन किंवा टॉर्च घेणार नाही, आहे त्यातच मार्ग सांगा.

आर्क_राजा: पल्सवालं इन्व्हर्टर मशीन घ्याच. १२० हर्ट्झ आणि ७० टक्के इलेक्ट्रोड निगेटिव्हवर (टंगस्टन ऋण ध्रुवावर असण्याचा वेळ) आर्क सुईसारखा चालतो. आमच्याकडे आल्यापासून पातळ नळीची कटकट संपली.

निळी_ज्योत: सिलिंडर बदला. गॅस ओला असला की बाकी सगळं व्यर्थ.

पडल्याडबा: +१, सिलिंडर. आणि टॉर्चला गॅस लेन्स (गॅसचा प्रवाह शांत करणारी जाळी) लावा.

घासकाम: तो नवीन टॉर्च, नवीन मशीन नको म्हणतोय! सिलिंडर बदलण्याआधी एक चाचणी करा. स्वच्छ घासलेल्या पट्टीवर रॉड न घालता नुसतं वितळवा. वितळलेल्या धातूचं डबकं आरशासारखं राहिलं तर गॅस, होज, टॉर्च ठीक. काळी राख किंवा बुडबुडे आले तर होजचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. १५ लिटर ७ नंबरच्या कपाला जास्त आहे, प्रवाह खवळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. ८ ते १० पुरे. मूळ दोष हायड्रोजनचा: वितळलेलं अॅल्युमिनियम तो भरपूर शोषतं, गोठताना ठेवू शकत नाही. तेल, ओल आणि ऑक्साइडच्या थरातला दमटपणा हे त्याचे स्रोत.

निळी_ज्योत: मी ब्रशने घासून मग अॅसिटोन लावतो, कधी अडचण आली नाही.

घासकाम: उलटा क्रम. आधी अॅसिटोन, नाहीतर ब्रश तेल धातूत चोळून बसवतो. मग फक्त अॅल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा ब्रश, हलक्या हाताने. रॉडही पुसा. नळी कापतानाचं कूलंट आत राहतं, त्यामुळे आतली कड २०-२५ मिमीपर्यंत साफ हवी. बर (कापलेल्या कडेचे काटे) फाइलने काढा, साध्या ग्राइंडिंग चाकाचे कण धातूत रुततात.

आर्क_राजा: ब्रेक क्लीनर अॅसिटोनपेक्षा झटपट.

घासकाम: क्लोरीनयुक्त क्लीनर वेल्डिंगजवळ अजिबात नको. आर्कने फॉस्जीन तयार होतो, तो विषारी आहे.

फट_भरणी: लक्षण नीट वाचा, दोष *शेवटी* येतोय. बंद नळीतली हवा तापून फुगते आणि शेवटच्या उघड्या जागेतून डबकं फोडून बाहेर येते. ३ मिमीचं भोक पाडा, जोडाखाली लपेल असं मुख्य नळीत. तडा क्रेटरचा (बीडच्या शेवटच्या खड्ड्याचा) आहे: पेडलवरचा पाय एकदम उचलू नका, करंट हळूहळू उतरवा, शेवटी रॉडचा एक थेंब जास्त द्या. पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावरचा गॅस) ८-१० सेकंद, टॉर्च तोवर तिथेच.

पडल्याडबा: ४०४३ रॉड वापरा, तडा कमी जातो.

फट_भरणी: ४०४३ मध्ये सिलिकन आहे, अॅनोडाइझनंतर बीड गडद करडी दिसते. फ्रेम तापणारी असेल तर मात्र विचार करा. ५३५६ सतत ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात वापरू नये.

करवत१२: पट्टीवर चाचणी केली, डबकं चकचकीत. म्हणजे सिलिंडर ठीक. प्रवाह ९ केला, आतून साफ केलं, भोक पाडलं: पिनहोल गेले. रॉड ५३५६ च ठेवतोय, रंग महत्त्वाचा आणि फ्रेम तापणारी नाही.

घासकाम: एक अडचण राहिली. अॅनोडाइझच्या टाकीत सल्फ्युरिक आम्ल त्या भोकातून आत शिरेल, धुतल्यावरही पाझरत राहील आणि रंगावर डाग पडतील. गार झाल्यावर भोक बंद करा.

फट_भरणी: बंद करताना परत तोच फुगवटा. प्रत्येक बंद नळीला दोन्ही टोकांशी ६ मिमीची भोकं ठेवा, धुतलेलं पाणी निथळून जाईल.

करवत१२: दोन भोकं, ६ मिमीची, खालच्या बाजूला. जोडाखाली लपवत नाही, निथळायला बाहेरच हवीत.