घरातला राउटर कोणाच्या ताब्यात असावा?

तारकर्मी: फायबर घेतलं की बऱ्याच कंपन्या ओएनटी (फायबरमधला प्रकाश इंटरनेटच्या सिग्नलमध्ये बदलणारं उपकरण) आणि राउटर एकत्र असलेला आपलाच डबा लावतात. अ‍ॅडमिन पासवर्ड मिळत नाही, पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचा, पासवर्ड मागितला की टोलवाटोलवी. माझं मत: तार कंपनीची, त्यापुढचं घरातलं जाळं ग्राहकाचं. युरोपीय संघानं २०१५ मध्येच पसंतीचं उपकरण वापरण्याचा हक्क दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीला लॉगिनची माहिती ग्राहकानं न मागताही, फुकट द्यावी लागते. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायचा ८ फेब्रुवारी २०१६ चा नियम डेटाच्या दरातल्या भेदभावापुरता आहे. डब्याचा प्रश्न त्यात येतच नाही.

स्प्लिटर६४: साफ असहमत. जीपॉनमध्ये, म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं जोडण्याच्या पद्धतीत, ओएलटीच्या (कंपनीकडच्या टोकाच्या यंत्राच्या) एका पोर्टवर ३२ किंवा ६४ घरं असतात. खाली येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश सगळ्यांना सारखाच जातो. वर जाताना १३१० वर प्रत्येक ओएनटीनं आपल्या वाट्याच्या क्षणीच बोलायचं. एखाद्याचा लेसर भलत्या वेळी चालू राहिला तर त्या पोर्टवरची बाकीची घरंही बंद पडतात. दोषी कोण हे कळायला स्प्लिटरची (एका फायबरमधला प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या जोडाची) एकेक फांदी काढून बघावी लागते. बाजारातल्या कुठल्याही डब्यासाठी शेजाऱ्यांनी हे का सोसायचं?

तारकर्मी: मग ओएनटी तुमचाच ठेवा, राउटर सोडा. ओएनटी ब्रिज मोडवर टाकायचा (म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देतो, राउटरचं काम करत नाही), ग्राहकाच्या राउटरवर पीपीपीओई लॉगिन आणि व्हीलॅन (एकाच तारेवरचा वेगळा आभासी मार्ग) क्रमांक भरायचा, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ बाइट ठेवायचा. एमटीयू चुकला की काही साइट अर्धवट उघडून अडकतात. एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १४५२ वर बांधला की सुटतं. ब्रिज न देता मागे दुसरा राउटर जोडायला सांगणं म्हणजे दुहेरी नॅट (पत्त्यांची अदलाबदल दोनदा): बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचं पोर्ट दोन ठिकाणी उघडा, दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वर असतील तर आधी ती टक्कर सोडवा. ग्राहकाला हे भोगायला लावण्यामागे तांत्रिक कारण काहीच नाही.

गस्तवाला: सुरक्षेचं काय? घरचे राउटर वर्षानुवर्षं अपडेट होत नाहीत. टीआर-०६९ (दुरून डबे सांभाळण्याची पद्धत) वरून कंपनी हजारो डब्यांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एका रात्रीत बदलते.

तारकर्मी: त्याच दारातून हल्ला झालाय. नोव्हेंबर २०१६, डॉयचे टेलिकॉम: मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या एका प्रकारानं पोर्ट ७५४७ वर मारा केला, सुमारे ९ लाख ग्राहकांच्या जोडण्या कोलमडल्या. हे पोर्ट फक्त कंपनीच्या सर्व्हरसाठी उघडं ठेवा, आणि दूरस्थ ताबा बंद करण्याची सोय ग्राहकाच्या हाती द्या.

गस्तवाला: दुरुस्तीचं फर्मवेअरही कंपनीनंच दिलं ना? डबा बंद करून चालू केला की ते आपोआप उतरत होतं. वेगवेगळ्या बनावटीचे लाखो राउटर असते तर कोणी कोणाला गाठलं असतं?

स्प्लिटर६४: ब्रिज द्यायला माझी हरकत नाही, पण दोन अटी. वेगाची तक्रार असेल तर आधी आमचा डबा लावून, केबलनं लॅपटॉप जोडून मोजायचं; वाय-फायवरचा आकडा धरणार नाही. दुसरी लँडलाइनची. आवाजाची व्हीलॅन वेगळी असेल तर फक्त इंटरनेटची बाहेरची जोडणी (डब्ल्यूएएन) ब्रिज करा, फोन ओएनटीवरून तसाच चालतो. पण एसआयपीचा (इंटरनेटवरून फोन चालवणाऱ्या पद्धतीचा) पासवर्ड मागू नका. तो फुटला की ग्राहकाच्याच खात्यावर परदेशी कॉल लागतात आणि बिलाचं भांडण आमच्या दारात येतं.

तारकर्मी: पहिली अट मान्य. दुसरी नाही. परदेशी कॉल मुळात बंद ठेवा, मागेल त्यालाच चालू करा, आणि पासवर्ड द्या.