येऊरच्या पायथ्याची मांजरं, कुत्री आणि बिबट्या: रोग कुणाकडून कुणाला?

उपवनकर
ठाण्यात येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या सोसायटीत वीस-बावीस मोकाट मांजरं आहेत. चार पिल्लं दोन दिवसांत गेली. उलट्या, जुलाब, आणि पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतं बसून राहणं. पाणी पीत नव्हती. हे रानमांजर, वाघाटी, बिबट्यापर्यंत पोचतं का? लस कुठली द्यायची? मागच्या पायवाटेवर बिबट्याची विष्ठा दिसते, ती लॅबला देऊन काही कळेल का?

टोचणी
वाटीवर मान टाकणं म्हणजे पहिला संशय पॅनल्यूकोपेनिया. हा पार्वो घराण्यातला विषाणू आहे, आणि बिबट्यासकट सगळ्या मार्जारांना तो होऊ शकतो. आजारी जनावर समोर यावंच लागतं असं नाही, कारण दूषित जागेत तो वर्षभरही टिकतो.

पिल्लांना तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनियासह तीन रोगांवरची) ६ ते ८ आठवड्यांपासून, दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकच डोस देऊन थांबलात तर फसाल. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लस निकामी करतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. मोठ्यांना नसबंदीच्या वेळी भूल असतानाच टोचून घ्या, पुन्हा पिंजऱ्यात येतील याचा भरवसा नाही. गाभण मांजरीला जिवंत (दुबळा केलेला विषाणू असलेली) लस नको, पोटातल्या पिल्लांचा लहान मेंदू, म्हणजे तोल सांभाळणारा भाग, नीट वाढत नाही. लस २ ते ८ अंशांतच हवी. दुकानातून पिशवीत घालून रिक्षाने आणू नका, बर्फाचा डबा न्या. रेबीजची लस वेगळी, १२ आठवड्यांनंतर.

रानवाट
वरचं सगळं बरोबर, पण बिबट्यासाठी जास्त काळजी कुत्र्यांची. बिबट्या कुत्री खातो, आणि कुत्र्यांत डिस्टेंपर हा विषाणूचा रोग फिरत असतो, तो मार्जारांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह यात गेले. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले, तिथे डिस्टेंपरच्या जोडीला गोचिडांमुळे होणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही होता. दोन्ही एकत्र आले की जनावर सावरत नाही.

म्हणून कुत्र्यांनाही डिस्टेंपरची लस द्या. मात्र तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सेरेंगेटीच्या भोवती कुत्र्यांचं लसीकरण होऊनही विषाणू सिंहांत फिरत राहिला, कारण इतर रानटी मांसाहारी प्राणीही तो बाळगतात. उघडा कचरा बंद करणं त्याच्याइतकंच गरजेचं. कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. आणि कुत्र्याची लस मांजराला कधीच नाही!

काचपट्टी
विष्ठेला हात लावू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, नमुना वनखात्याच्या परवानगीनेच घ्यायचा. शिवाय अहवाल फसवा असतो. बिबट्याने कुत्रा खाल्ला की कुत्र्याच्या जंतांची अंडी तशीच बाहेर पडतात, म्हणजे बिबट्याला ते जंत आहेतच असं नाही.

तुमच्या मांजरांची विष्ठा मात्र जरूर तपासा. ताजी ३ ते ५ ग्रॅम, मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून गाळायची, नळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप (पातळ काच), १५ मिनिटं. टोक्सोकारा या गोल जंताची अंडी तरंगून काचेला चिकटतात. जड अंडी तरंगत नाहीत, त्यांना गाळ बसवून बघावं लागतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पिसवांतून येणारा पट्टकृमी. त्यावर प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध, वजनाच्या किलोला ५ मिलिग्रॅम, पण पिसवा हटवल्या नाहीत तर महिनाभरात पुन्हा हजर.

उपवनकर
आभार. पिल्लं होती ती जिन्याखालची जागा फिनाईलने पुसली आहे, पुरेल?

टोचणी
नाही. साध्या फिनाईलने हा विषाणू मरेलच असं नाही, आणि काळं फिनाईल मांजरांना विषारी. आधी घाण, केस साबणाने धुवून काढा, मळावर ब्लीच वाया जातं. मग साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच, लिटरभर पाण्यात ३० मिली, १० मिनिटं फरशी ओली राहू द्या. फिनाईल किंवा ॲसिड त्यात मिसळू नका. जुनी गोणपाटं, पुठ्ठे जाळू नका, पिशवीत बांधून टाका. लस न झालेलं नवं पिल्लू त्या जिन्याखाली ठेवू नका.