मदत हवी आहे: ठरावीक अक्षरे असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे? (स्क्रॅबल, मराठी माध्यम)

खानापूर_वर्गशिक्षक:
मंडळी, सातवी-आठवीच्या मराठी माध्यमातल्या मुलांची स्क्रॅबलची (अक्षरांच्या टाइल्स जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ) तयारी करून घ्यायची आहे. खेळताना मोबाइल बंद, म्हणजे जे काही आहे ते आधीच कागदावर हवे. क्यू, झेड, जे किंवा व्ही हातात आले की मुले अडतात आणि सात टाइल्समधून मोठा शब्द त्यांना दिसत नाही. अमुक अक्षरे असलेले शब्द यादीतून गाळून काढायची सोपी पद्धत आहे का? शाळेत एक्सेल असलेला एक संगणक आहे. नेट कधी असते, कधी नसते.

टिळकवाडी_टाइल्स:
सर, आधी यादी कोणती ते ठरवा. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या (इंग्रजी शब्दकोशाच्या) यादीवर चालतात. नेटवर फुकट मिळणारी ‘एनेबल’ यादी सरावाला चांगली आहे, सुमारे १,७२,००० शब्द आहेत. पण ती जुन्या अमेरिकन वळणाची आहे. ‘क्यू-आय’ आणि ‘झेड-ए’ हे सगळ्यात कामाचे दोन शब्द तिच्यात नाहीत, ते हाताने घाला.

यादी एकदा उतरवून घेतली की पुढे नेट लागत नाही. एक्सेलमध्ये पेस्ट करण्याआधी पूर्ण कॉलम ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द राहत नाहीत, एक्सेल त्यांना तर्कमूल्य समजते. शेजारच्या कॉलममध्ये ‘ट्रिम’ हे एक्सेलचे सूत्र लावून मोकळ्या जागा काढा आणि तिसऱ्यात ‘लेन’ या सूत्राने लांबी मोजा. ट्रिम विसरलात तर चार अक्षरी शब्द पाचच्या गटात जाऊन बसतो आणि चूक लवकर सापडत नाही.

मग एक्सेलमधला कस्टम फिल्टर. यूशिवायचे क्यू हवेत तर पहिली अट ‘क्यू आहे’, दुसरी ‘क्यू-यू नाही’. एका वेळी दोनच अटी बसतात. तिसरे अक्षर हवे असेल तर आलेली यादी नव्या शीटवर घेऊन पुन्हा गाळा. एकच अक्षर दोनदा हवे असेल तर नुसते ‘एल’ देऊन भागत नाही, कारण ते एकदा असले तरी शब्द येतो. तिथे स्टार-एल-स्टार-एल-स्टार असे द्या (स्टार म्हणजे तिथे कितीही अक्षरे चालतील).

शहापूर_अक्षरजुळणी:
मोठ्या शब्दांसाठी कार्डे करा. शब्दाची अक्षरे ए-बी-सीच्या क्रमाने कार्डाच्या पुढे आणि त्यातून होणारे सगळे शब्द मागे. ई-आय-एल-एन-एस-टी या कार्डामागे लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सेल, इनलेट्स. आपली मुलं मराठी-कन्नडसारखं ऐकलं तसं लिहितात, म्हणून ‘लिसन’मधला टी त्यांना दिसतच नाही बघा. टाइल्स क्रमाने लावल्या की उच्चार मध्ये येत नाही.

पुढची पायरी ‘रेटिना’. त्याच्या सहा अक्षरांत एकेक अक्षर घाला. सी घातला की सर्टन, डी घातला की ट्रेन्ड (टी-आर-ए-आय-एन-ई-डी), पी घातला की पेंटर, रीपेंट आणि परटेन, जी घातला की ग्रॅनाइट. सगळे सात अक्षरी. सातही टाइल्स एका डावात लागल्या की ५० गुण वरचे. कोरी टाइल (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारी) हातात असेल तेव्हा हाच सराव उपयोगी पडतो. कोरी टाइल छोट्या शब्दात घालवू देऊ नका, हे मात्र मुलांना पहिल्या दिवसापासून सांगा.

खानापूर_वर्गशिक्षक:
कार्डे उद्याच सुरू करतो. अवघड अक्षरांचे काय?

टिळकवाडी_टाइल्स:
तिथे आपली मुले पुढे आहेत, होय की! इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘जे’ हे अक्षर सहसा येत नाही. राज, ताज, हज, स्वराज हे अपवाद आपल्याच बाजूचे. जे-ओ-डब्ल्यू-ए-आर म्हणजे आपला जोंधळा, १५ गुण. बी-एच-ए-जे-आय, भजी, १७ गुण. डब्ल्यू-ए-क्यू-एफ, वक्फ, १९ गुण. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक, १४. कॉलिन्समध्ये हे सगळे आहेत. डाळीची तर तीन रूपे चालतात: डी-ए-एल, डी-एच-ए-एल, डी-ए-एच-एल. जो एच मोकळा असेल तो खपवा.

झेडसाठी झेड-ए आणि झेड-ओ पाठ करून घ्या, ११-११ गुण.

व्ही वेगळा आहे. दोन अक्षरी एकही शब्द व्हीचा नाही, त्यामुळे तो कोपऱ्यात सरकवता येत नाही. शेवटीही तो क्वचित येतो, बहुतेक वेळा मागे ई लागतो: गिव्ह, हॅव्ह, सेव्ह. म्हणून व्ही आला की एक ई राखून ठेवायचा. आणि आपल्याकडे ‘व’ एकच, त्यामुळे मुले व्हीच्या जागी डब्ल्यू लावतात. ‘व्हेट’ आणि ‘वेट’ असे जोड शब्द वेगळ्या कागदावर लिहून घ्या.

खानापूर_वर्गशिक्षक:
मग गावाची नावेही चालतील का?

शहापूर_अक्षरजुळणी:
नाही सर. विशेषनामं बाद, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी काही नाही. घाट चालतो, जी-एच-ए-टी, ८ गुण. घरातला शब्द म्हणून आपोआप चालेल असं मानू नका, प्रत्येक शब्द यादीत बघूनच कार्डावर चढवा. समोरच्याने हरकत घेतली आणि शब्द नसला तर टाइल्स परत उचलायच्या, शिवाय तो डावही फुकट जातो.